हिरवं विरजण

"सूनबाई, तुमच्या माहेरी शिळ्या भाकरीवर बुरशी कंच्या रंगाची येती?"

माप ओलांडून मी सासरच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न कानावर आला तो हा. मी पंधरा वर्षांची. पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे विचारणाऱ्याचे फक्त पाय दिसत होते. अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, बोटांच्या बेचक्यांत काळी माती. लग्नघरात पाय धुऊन यायचं असतं हे त्या पायांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मी उखाणा पाठ करून आले होते. बुरशीचं उत्तर आईनं शिकवलं नव्हतं. खरं होतं तेच तोंडातून गेलं, "हिरवी."

सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. भाकरीला बुरशी येईस्तोवर ठेवतात, कसलं घर म्हणायचं हे, अशी बायकांत कुजबुज झाली. ते पाय मात्र खूश होऊन एक पाऊल पुढं आले. "हिरवी! मंग लई बरं झालं. तुमच्या धारूरच्या मातीत जीव हाय." मी दचकून एक पाऊल मागं सरले आणि सांडलेल्या मापाच्या तांदळांवर माझी टाच पडली. अपशकुन झाला म्हणून आठ दिवस मला ऐकून घ्यावं लागलं. त्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. त्यांना बोलून उपयोग नसतो हे घराला ठाऊक होतं.

ते माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही अशी आमच्याकडं रीत. मी ते जन्मभर घेतलं नाही, आता ऐंशी ओलांडल्यावर कशाला घेऊ? सासरे ते थोरले मामंजी आणि हे धाकटे मामंजी, एवढं पुरे. गावाचंही नाव सांगत नाही. नेकनूरच्या अलीकडं होतं, निजामाचं राज्य होतं, इतकं सांगते. धाकट्या मामंजींनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "येळच घावला न्हाई." आणि दिवसभर काय करायचे, तर माती हुंगायचे.

खोटं सांगत नाही. आमच्या घरचा पानमळा, नागवेलीच्या पानांचा. आमची पानं बैलगाडीनं बाजाराला आणि तिथून पुढं हैदराबादेच्या बड्या लोकांच्या पानदानांत जायची. पण धाकटे मामंजी पान खात नसत. कमरेला चंची होती, तिच्या कप्प्यांत सुपारी नाही, कात नाही, तंबाखू नाही. पाच-सहा ठिकाणच्या मातीच्या चिमट्या. गप्पांना बसलेल्या माणसानं आपली चंची पुढं केली की हेही आपली सोडून त्याच्यापुढं धरायचे. "वास घ्या. ही वढ्याकाठची." माणूस पुन्हा म्हणून गप्पांना बसायचा नाही. सगळ्यांशी अहो-जाहो. पाळण्यातल्या पोराशी, मोटेच्या बैलाशी आणि भाकरीवरच्या बुरशीशीसुद्धा. घरातली शिळी भाकरी आधी त्यांच्यापुढं ठेवायची. बुरशी काळी असली तर चुलीत. पांढरीच राहिली तर उकिरड्यावर. हिरवी झाली तर फडक्यात गुंडाळायची आणि "चला पाव्हणे" म्हणत मळ्याकडं निघायचं. घरी आलेल्या खऱ्या पाव्हण्यांना त्यांनी एवढं अगत्य कधी दाखवलं नाही.

आज सांगताना हसू येतं. तेव्हा मी त्यांच्या सावलीलाही उभी राहत नसे.

तेव्हा आमच्या भागात भानामती होती. म्हणजे लोकांच्या मनात होती, पण तेवढी पुरत असे. कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर काळ्या फुल्या उठायच्या, कुणाच्या घरावर दगड पडायचे, कुणाची सून कुत्र्यासारखी भुंकायची. मग ती करणारा शोधला जायचा, आणि शोधला की सापडायचाच. सापडला की त्याचे पुढचे दात उपटायचे. दात नसले की मंतर धड फुटत नाही, आणि मंतर फुटला नाही की करणी बसत नाही. मी असा एक म्हातारा नेकनूरच्या बाजारात पाहिला होता. दोर विकायला बसायचा. भाव विचारला की बोटांनी दाखवायचा, तोंड उघडायचा नाही. "त्याच्याकडं बगू नगं," म्हणून सासूबाईंनी मला दंडाला धरून ओढलं. तरी मी बघितलंच. त्यानं फेट्याचा शेव तोंडावर घेतला.

आणि आमच्या घरात बुरशीशी बोलणारा माणूस.

पानमळा म्हणजे आमच्याकडं देऊळच. चपला कुडाबाहेर काढायच्या, विटाळाच्या चार दिवसांत बाईनं तिकडं फिरकायचं नाही, शिळं-उष्टं आत न्यायचं नाही. म्हणून धाकट्या मामंजींचा पसारा कुडाच्या बाहेर, विहिरीजवळच्या तुराट्यांच्या खोपीत. तिथं सात मडकी, प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी दुपारची भाकरी घेऊन जायचे, ती लांबच दगडावर ठेवायचे आणि पळत सुटायचे. एकदा त्यांनी हाक मारली, "सूनबाई, थांबा. भिऊ नका. ते झोपलेत."

यानं माझी भीती गेली असेल असं त्यांना खरंच वाटलं.

त्यांनी एका मडक्याचं फडकं सोडलं. आत ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, आणि त्यांच्यावर जाड, मऊ, हिरवा थर. मधोमध नागवेलीचं कुजून काळं पडलेलं मूळ ठेवलेलं होतं. त्याच्या एका टोकावर तो हिरवा थर चढला होता. "परवा टाकलं. बघा, काळ्याला हिरवं खायलंय." मी किंचाळले. ज्याला तोंड नाही ते खात होतं. त्यांना वाईट वाटलं. घाईघाईनं फडकं बांधत म्हणाले, "तुमी भ्यालात म्हंजे तुमाला दिसलं. बाकीच्यांना दिसतच न्हाई."

परवा नातवानं शेतीच्या दुकानातून एक पाकीट आणलं. हिरवट भुकटी, ट्रायकोडर्मा की काहीसं नाव. मी पाकीट फोडून नाकाला लावलं तर पोरगं ओरडलं, "आज्जे, औषध हाय ते! मित्रबुरशी म्हंत्यात तिला. मुळं कुजवनारी बुरशी खाती." मी म्हटलं, ठाऊक आहे रे, आम्ही तिला पाव्हणे म्हणायचो. त्याला वाटलं, म्हातारी भ्रमली.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, मर आली. मर म्हणजे वेलाचा मरणरोग. सकाळी तकतकीत असलेल्या वेलाची पानं दुसऱ्या दुपारी माना टाकायची. बुडाशी हात घातला तर खोड काळं, बुळबुळीत, ओढलं की हातात यायचं. वासानं जेवण जात नसे. आधी ती आमच्या वरच्या अंगाला असलेल्या मळ्यात आली. त्या मळ्याच्या मालकाचा आवाज मोठा आणि अर्धं गाव त्याच्या भावकीतलं. त्याच्या मळ्यातून वाहिलेलं पाणी खाली आमच्या पाटात यायचं. धाकटे मामंजी सरळ त्याच्या दारात गेले. "तुमच्या पान्यातून मर खाली येतीय. मेलेले वेल जाळा, पाट बंद करा."

"माझ्या पान्याला नाव ठिवतो का बे?" एवढंच तो म्हणाला. पण ते त्यानं मनात धरून ठेवलं.

आठ दिवसांत मर आमच्या पहिल्या ओळीत होती. तीन पिढ्यांचा मळा. थोरले मामंजी रोज सकाळी ओळी चालत जायचे आणि घरी येऊन ताटावर नुसते बसून राहायचे. आमचे हे मेलेले वेल उपटून बांधावर टाकायचे. मळा गेला तर आमचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. सगळे त्याच एका गोष्टीला घाबरलेले होते.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. धाकटे मामंजी दुसऱ्यांच्या मेलेल्या मळ्यांत जायला लागले. चहूकडं वाळलेल्या वेलांत एखादाच हिरवा उभा असायचा. त्याच्या बुडाशी बसून नखांनी माती खरवडायची आणि चंचीत भरायची. मला म्हणायचे, "ज्यो वेल मेला न्हाई, त्याच्या पायाशी कुनीतरी राखन करायलंय. त्येंला आपल्याकडं बोलवायचं." पण करणी करायला काय लागतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पायाखालची माती. हा माणूस उजाडता उजाडता लोकांच्या मळ्यांतून नेमकी तीच गोळा करत होता.

वरच्या मळ्याचा मालक थोरल्या मामंजींना वाटेत गाठून म्हणाला, "बाजार झाला की दुसऱ्या दिशी आमी येतो. तुमच्या भावाच्या खोपीत काय हाय ते बगतो." थोरल्या मामंजींनी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी मला सांगितलं, "ती मडकी राखेनं घास, चुन्याच्या पान्यानं धू. फडकी जाळून टाक. एक डाग दिसता कामा नये."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी घासण्यात तरबेज होते. धाकटे मामंजी कुणाच्या तरी मळ्यात गेलेले. सातही मडकी मी राखेनं घासली, चुन्यानं पांढरी केली आणि उन्हात पालथी घातली. फडकी तेवढी जाळवेनात. जुन्या लुगड्याचं मऊसूत कापड, ते जाळायचं माझ्या जिवावर आलं. धुऊन वापरू म्हणून मी घरी गोवऱ्यांच्या खोलीत कोंबून ठेवली.

दुपारी ते आले. मडक्यांसमोर उकिडवे बसले. एक उचलून हुंगलं, चुन्याचा वास आला तसं हळूच खाली ठेवलं. मी कुडाला चिकटून उभी. वाटलं, आता शिव्या खाणार.

"विरजन सांडलं, सूनबाई," ते म्हणाले. "चार वर्सांचं विरजन व्हतं."

त्यांचं पाव्हणे म्हणणं, राखण म्हणणं, झोपलेत म्हणणं, यातलं मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. विरजण कळलं. रोज मी तेच करत होते. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. कधी घरचं संपलं तर शेजारणीकडं वाटी घेऊन धावायचं. यांनी चार वर्षं या मडक्यातलं त्या मडक्यात लावत ते जिवंत ठेवलं होतं, आणि हे कुठल्या शेजारणीकडं जाणार होते? मला इतकी लाज वाटली की भीतीसुद्धा क्षणभर मागं पडली.

घरी येऊन मी कण्या शिजवल्या. दह्याचं दूध निववतात तशा बोटाला सोसतील इतक्या निववल्या. गोवऱ्यांमागचं एक हिरवट फडकं त्यात बुचकळलं, मडक्यावर झाकण ठेवलं आणि गोवऱ्यांच्या आड सरकवलं. मग मात्र भीती दुप्पट होऊन परत आली. आता भानामती खोपीत नव्हती, घरात होती, आणि ती लावणारी मी होते. भाकरी थापताना माझी जीभ सारखी दातांवरून फिरायची. सगळे आहेत ना, म्हणून. तिसऱ्या दिवशी कण्यांवर पांढरा पापुद्रा आला. पांढरी म्हणजे उकिरडा, हे मी ऐकलेलं होतं. टाकायला उचललंही, पण सासूबाई दारात होत्या म्हणून राहिलं. पाचव्या दिवशी तेच पांढरं हिरवं झालं.

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी वाढत असताना धाकटे मामंजी घास हातात घेऊन थांबले. माझ्या हातांकडं बघितलं. नाक थोडं हललं.

"कन्या कवा केलत्या?" हळूच विचारलं.

"सोमवारी," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सात-आठ माणसं आली. आधी खोप उलटीपालटी केली. तिथं पांढरीशुभ्र मडकी. माणसांचा थोडा विरस झाला, एकदोघं परत फिरलेही. मग ती सगळी आमच्या अंगणात आली आणि वरच्या मळ्याचा मालक म्हणाला, "चंची दाव."

त्यांनी दाखवली.

"ही कुनाची माती?"

दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. इतकंच म्हणायचं होतं, माझ्या विहिरीवरची. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मातीची चौकशी करत होतं. त्यांचा चेहराच उजळला. एकेक चिमूट तळहातावर घेऊन ते सांगू लागले. "ही तुमच्या मळ्यातली, पाटाजवळच्या वेलाखालची. ही यांच्यातली. ही बघा, हिचा वास घ्या, ही सगळ्यांत भारी हाय." ज्याचं ज्याचं नाव घेतलं तो तो एक पाऊल मागं होत गेला. मी दाराआडून बघत होते आणि मनात ओरडत होते, गप बसा, देवासाठी गप बसा.

दोघांनी त्यांचे हात धरले. मालक ओसरीवर चढून दारापाशी आला. मी गोवऱ्यांच्या खोलीला पाठ लावून उभी होते.

"घरात आनखी काय हाय का?"

ते मडकं मी बाहेर आणलं असतं, त्यात एक काळं मूळ टाकून चार दिवस थांबा म्हटलं असतं, तर कदाचित त्या माणसांनी बघितलं असतं. कदाचित माझेही दात गेले असते. अंगणातून धाकटे मामंजी माझ्याकडंच बघत होते. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणून.

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली म्हणून मी न्हाई म्हटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी भ्याले होते. त्यांनी मान हलवली नसती तरी मी न्हाईच म्हटलं असतं.

लोहाराची सांडशी त्या माणसांनी येतानाच आणली होती. थोरले मामंजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी दार लावून घेतलं. धाकटे मामंजी ओरडले नाहीत. ओरडत होता तो मालक, "म्हन आता मंतर! म्हन!" वरचे दोन आणि खालचे दोन. ती माणसं गेल्यावर अंगण मीच धुतलं.

धाकटे मामंजी पंधरा दिवस तापानं पडून होते. तोंड सुजलेलं, शब्द नाही. मी मडकं त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं तेव्हा ते उठून बसले आणि हातांनी सांगू लागले. एवढं शेण, एवढा पालापाचोळा, ओल इतकी की मूठ दाबली तर पाणी गळू नये, वर ओलं पोतं. आमच्या ह्यांनी आणि मी ते कालवलं, सावलीत मुरवलं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वेलाच्या बुडाशी ओंजळ ओंजळ घातलं. देवळासारख्या मळ्यात कुजलेलं न्यायचं, म्हणून आत पाऊल टाकताना मी आधी माफी मागायचे. वरच्या अंगाचा पाटही आमच्या ह्यांनी बांध घालून तोडला. मग रोज सकाळी वेल मोजायचे. आज किती, काल किती. एक पान मलूल दिसलं तरी मी बुडाशी हात घालून खोड चाचपायचे. अर्धा मळा गेला. अकराव्या ओळीत मर आली, तिथले थोडे वेल खाल्ले आणि पुढं सरकली नाही. महिना झाला, दोन झाले, सरकली नाही. पुढच्या साली त्याच वेलांच्या काड्यांनी आम्ही मळा पुन्हा लावला.

धाकट्या मामंजींचे शब्द मात्र गेले ते गेलेच. त, द, स यांच्या जागी नुसता वारा यायचा. घरात कुणाला कळायचं नाही. मला कळायचं, कारण ते काय बोलणार हे मला आधीच ठाऊक असायचं. बाहेर कुणी काही विचारलं की ते बोलायचे आणि माझ्याकडं बघायचे, मग मी सांगायचे. आता मी त्यांना भीत नव्हते. त्यांच्यासाठी भीत होते. कुडापलीकडं चार माणसं एकत्र दिसली की मी त्यांना हाताला धरून घरात आणायचे.

आमचा मळा पुन्हा वर चढला त्या साली, एका दुपारी, वरच्या मळ्याच्या मालकाची बायको आमच्या मागच्या दारी आली. पदराखाली वाटी होती. तिकडं त्यांचा नवा लावलेलाही मळा जायला लागला होता, हे आम्हाला पाटावरून दिसतच होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं विरजन हाय म्हंत्यात. तसलं. घरात कुनाला सांगितलेलं न्हाई मी."

सासूबाई तिला हाकलायला उठल्या. ओसरीवरून धाकट्या मामंजींनी हात वर केला, द्या म्हणून. मी गोवऱ्यांच्या खोलीतून मडकं आणलं, वाटी भरली. तेवढ्यात त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नुसता वारा आला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी तिच्या हातात वाटी दिली आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरी शिळ्या भाकरीवर बुरशी कंच्या रंगाची येती?"

तिनं वाटी पदराखाली घेतली. माझ्याकडं बघत ती एक पाऊल मागं सरली.